परसातल्या खारी बघायच्या कशा? घरची कामं सांभाळून करायची सुरुवात

आमच्या गल्लीत हल्ली दोन-तीन घरं अशी झालीत की पोरं सकाळी उठून मोबाईल मागायच्या आधी मागच्या दारात जाऊन खार आली का बघतात, आणि त्यांच्या आया मला विचारायला लागल्या की नेमकं काय करायचं ते एकदा लिहून द्या, म्हणून हे लिहायला घेतलंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्या घराला थोडं परडं आहे, किंवा परडं नसलं तरी गच्ची आहे आणि शेजारच्यांचं एखादं आंब्याचं नाहीतर पेरूचं झाड आहे, त्या सगळ्यांना हे लागू पडतं. वेगळा वेळ काढावा लागत नाही, डबे, भांडी, वाळवण, पोरांचा अभ्यास हे चालू असतानाच होतं.

एक गोष्ट आधीच सांगते. खायला घालून खार जवळ आणायची घाई करू नका. बहुतेक जण तिथूनच सुरू करतात आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

लागणारं सामान :
– एक पसरट मातीचं परळ, पाण्यासाठी
– वही, किंवा भिंतीवरचं कालनिर्णय आणि दोऱ्याने बांधलेलं पेन
– झाकण असलेला बुटांचा रिकामा बॉक्स आणि जुना सुती टॉवेल (कशाला ते पायरी ७ मध्ये)
– जुनी मच्छरदाणी किंवा विरलेली सुती साडी
– मोबाईलमध्ये कर्नाटक वनखात्याची हेल्पलाईन १९२६ सेव्ह केलेली
दुर्बीण असली तर उत्तम, ८ बाय ४२ ची घ्या (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं), पण परसात डोळे पुरतात, उगाच खर्च करू नका. कागदपत्रं काहीच नकोत, शेवटच्या पायरीत जंगलात जायचं झालं तरच ओळखपत्र लागेल.

१. बसायची जागा एकच ठरवा

स्वयंपाकघराची मागची खिडकी, जिन्याची तिसरी-चौथी पायरी, न्हाणीघराजवळचा कट्टा, काहीही चालतं, फक्त रोज तीच जागा हवी. खारीला माणसाची एवढी भीती नसते, अचानक हललेल्या माणसाची असते. तुम्ही रोज त्याच जागी बसून भाजी निवडायला लागलात की काही दिवसांनी ती तुम्हाला मोजेनाशी होते.

वेळ म्हणाल तर ऊन अंगावर यायला लागलं की, म्हणजे सकाळी साधारण साडेसात ते नऊ, आणि मग चारनंतर दिवस मावळेपर्यंत. भर दुपारी ती पानांत कुठेतरी फांदीवर पोट टेकून पडलेली असते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी चांगलीच थंडी असते, तेव्हा ती उशिरा निघते, पोरांची शाळेची रिक्षा येऊन गेली तरी पत्ता नसतो, म्हणून हिवाळ्यात सुरुवात करून नाराज होऊ नका.

लहान पोरांना "गप्प बस" सांगून उपयोग नाही, काम द्या. खार दाणा एका हाताने धरते की दोन्ही हातांनी, झाडावरून उतरताना डोकं वर असतं की खाली, असले प्रश्न द्यायचे आणि उत्तर आपण सांगायचं नाही. (खाली असतं. मागचे पाय घोट्यातून पार उलटे वळवते आणि नखं सालीत रुतवून सरळ उतरते. एकदा ते पाय नीट दिसले की पोरगं दिवसभर तेच सांगत फिरतं.)

२. पट्टे मोजा

पाठीवर तीन फिकट पट्टे असले तर ती तीन पट्ट्यांची खार, आणि त्या तिघांच्या खाली दोन्ही कुशींना अजून एकेक फिकट रेघ दिसली तर पाच पट्ट्यांची. पाचवाली जास्त करून उत्तरेकडची आणि कोरड्या मुलखातली, आपल्याकडे दक्षिणेत तीनवालीच सहसा भेटते, तरी मोजा, अंदाजाने लिहू नका. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे ज्यांची घरं आहेत, त्यांच्याकडे जंगलातली तीन पट्ट्यांची आणखी एक जात घरापर्यंत येते, ती जरा गडद असते.

रामाने पाठीवरून बोटं फिरवली म्हणून पट्टे आले ही गोष्ट आज्जी सांगणारच. आमच्याकडे त्यावर नातवाने विचारलं की मग पाच पट्टेवालीला कोणी हात फिरवला, तर आज्जी म्हणाल्या मारुतीने असेल, आणि विषय संपला.

३. आवाज ओळखायला शिका

ही पायरी लोक सोडून देतात आणि खरी मजा इथेच आहे, शिवाय घरात राहून, हात कामात असताना, न बघताही करता येण्यासारखी ही एकच आहे.

खार चिक-चिक-चिक करत राहते तेव्हा ती गात नाही, बोंबलत असते. जवळ जाऊन बघा, प्रत्येक चिकेला शेपटीला झटका बसतो, अंग मात्र जागेवर घट्ट असतं आणि तोंड एकाच दिशेला. त्या तोंडाच्या दिशेने बघायचं. नव्वद टक्के वेळा मांजर असते, कंपाउंडवर नाहीतर टाकीच्या सावलीत. घार किंवा शिक्रा वरून गेला तर आवाज वेगळा येतो, एक-दोनदाच, आणि मग एकदम सामसूम. तेव्हा खार खोडाला चिकटून थिजलेली असते, शोधून सापडत नाही.

आता महत्त्वाचं. एकटी खार ओरडत असेल तर आपलं काम चालू ठेवा. खारीबरोबर बुलबुल आणि साळुंक्याही एकाच झुडपाभोवती कल्ला करायला लागल्या आणि तो कल्ला हळूहळू सरकत असेल, तर खाली साप असण्याची शक्यता आहे. पोरांना आत घ्या, चपला घाला, आणि लांबून बघा. बहुतेक वेळा धामण असते, ती झाडावर सरसर चढते आणि पक्ष्यांची, खारीची पिल्लं तिला चालतात. धामण विषारी नाही आणि उंदीर खाते, तिला जाऊ द्यायचं. पण लांबून ओळखता येत नसेल तर ओळखायला जवळ जायचं नाही, आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत.

आमच्या शेजारच्या अक्कांना हे आमच्या आधी कळलं. त्या कपडे वाळत घालता घालता कान देऊन सांगतात, "अळिलु ओदरत्यद नोड्री, बेक्कु बंतु," म्हणजे कानडीत, खार ओरडतेय बघा, मांजर आलं, आणि बघायला गेलं तर कंपाउंडवर मांजर असतेच.

४. पाणी ठेवा, खाऊ ठेवू नका

मार्च ते मे परळात पाणी ठेवा. वळवाचा पाऊस येऊन गेला तरी चालू ठेवा, कारण दोन दिवसांत परत कोरडं पडतं. परळ उथळ हवं, आत एक खडबडीत दगड टाका म्हणजे खारीचं पिल्लू, मधमाशी, सरडा पडला तरी वर येईल. जागा अशी की बाजूला हाताच्या अंतरावर खोड नाहीतर भिंत असेल पण मांजर दबा धरेल असं झुडूप नसेल. जमिनीवर ठेवण्यापेक्षा कट्ट्यावर बरं.

सापळा इथे आहे : पाणी नुसतं भरत राहायचं नाही. एक दिवसाआड ओतून, काथ्याने घासून, परत भरायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि घरोघरी पाणी तपासायला येणाऱ्या बायकांनी तुमच्या परळात अळ्या दाखवल्या तर बोलायला तोंड राहत नाही. ओतलेलं पाणी तुळशीला घाला. हे काम पोरांकडे द्यायचं असेल तर ठरलेले वार द्या, "आठवणीने कर" म्हटलं की कोणी करत नाही.

खाऊचं काय, तर फरसाण, बिस्किट, चिवडा, खारे शेंगदाणे, कुंदा, यातलं काहीही नको. मीठ-साखर तिच्या पोटाला झेपत नाही, आणि आयतं मिळायला लागलं की ती भर अंगणात, मांजराच्या टप्प्यात यायला लागते. पितृपक्षात नाहीतर सणाला नैवेद्याचं पान ठेवता त्यातलं ती थोडं नेते, ते वेगळं, मी रोजच्या खाऊबद्दल बोलतेय. साध्या कच्च्या शेंगा कधीमधी दोन-चार टाकल्या तर हरकत नाही, पण बुरशी धरलेल्या, काळ्या पडलेल्या, "माणसाला नको म्हणून खारीला" असल्या शेंगा तर अजिबात नको, त्या बुरशीत विष असतं. त्यापेक्षा पेरूची वरच्या फांदीवरची फळं तशीच सोडा, चिकूची चार सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळपास काटेसावर असेल तर तिथे जाऊन बघा, खारी फुलात डोकं घालून रस पितात आणि नाक पिवळं करून बाहेर येतात.

दिवाळीत पोरं किल्ला करतात तेव्हा त्यावर मोहरी-हळीव पेरतात ना, ते उगवलं की खार येऊन कोवळे कोंब खाते आणि मावळे पाडते. यावरून रडारड होते. किल्ल्याचा एक उतार खारीसाठी ठेवा आणि बाकीचा रात्री झाकायचा तसा सकाळीही झाकून ठेवा, भांडण मिटतं. आणि फटाके त्या झाडाखाली नकोत ज्यावर घरटं आहे.

५. वाळवणाचा तह

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर सांडगे, पापड, कुरडया, मिरच्या, शेंगा, आणि त्यात खार. सासूबाई काठी घेऊन बसणार आणि तुम्ही खार बघायची म्हणणार, हे एका गच्चीवर जमायचं नाही. उपाय सोपा आहे, वाळवणावर मच्छरदाणी नाहीतर विरलेली सुती साडी ताणून चारही बाजूंनी विटा ठेवायच्या. खार मिरचीला तोंड लावत नाही, म्हणून मिरच्या कडेला पसरा आणि शेंगा मधे. पूर्ण थांबत नाही, पण निभावतं.

नायलॉनची जाळी मात्र वापरू नका, बाजारात स्वस्त मिळते म्हणून लोक आणतात. त्यात खारीचा पाय, सरडा, वटवाघूळ, धामण सगळं अडकतं आणि सोडवताना आपल्याला चावा बसतो. तीच गोष्ट नायलॉन मांजाची, संक्रांतीच्या आगेमागे पतंग संपले की झाडावर लोंबणारा मांजा काढून टाका. २०१७ पासून त्यावर देशभर बंदी आहे तरी झाडांवर सापडतोच. आणि उंदरांसाठी चिकट पाट्या किंवा औषधाच्या वड्या गच्चीवर ठेवायच्या असतील तर बंद पेटीत, उघड्यावर नाही, खारी दिवसा फिरतात आणि पहिल्यांदा त्याच सापडतात.

६. घरटं घरातच केलं तर

करणार. एक्झॉस्ट फॅनचं भोक, मीटरच्या पेटीमागची पोकळी, पडद्याच्या दांड्यावरची पेलमेट, कौलांखालचा वासा, वापरात नसलेल्या कूलरचं पोट, सोलरच्या पाईपवरचं आवरण, तिला हवी असते कोरडी आणि हात न पोचणारी जागा. आधी चिन्हं दिसतात : पायपुसण्याचा काथ्या कुरतडलेला, गादीतून कापूस बाहेर आलेला, झाडूची कुसळं गायब.

काथ्या काढताना एकदा थांबून बघाच. दाताने धागा ओढते, मग दोन्ही हातांनी तोंडात दाबत जाते, परत ओढते, परत दाबते, शेवटी तोंडात लिंबाएवढा गोळा होतो आणि दोन्ही बाजूंनी मिशांसारखे धागे लोंबत असतात, आणि तसंच घेऊन भिंतीवरून पळते.

बेळगावच्या वडगाव-शहापूरकडे मागांवरचं वाया गेलेलं सूत गल्लीत पडलेलं असतं, तेही उचलते, त्यामुळे आमच्याकडची घरटी साड्यांच्या काठासारखी रंगीत असतात. दिसायला छान, पण लांब रेशमी किंवा पॉलिस्टरचा धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला गेला की पाय सुजतो आणि वाळतो. म्हणून घरात शिलाई होत असेल, माग असेल, तर टाकायच्या धाग्याचे चार बोटांपेक्षा लहान तुकडे करून टाका. एवढं एक केलं तरी पुष्कळ.

घरटं झालेलं कळलं तर आधी पिल्लं आहेत का ते ऐका, सकाळी बारीक चूंचूं येते. नसतील तर दोन दिवसांत जागा बुजवा. असतील तर थांबा. एका वेळेला दोन-तीन पिल्लं, डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली. डोळे उघडायलाच साधारण तीन आठवडे जातात, आणि स्वतंत्र व्हायला दोन-अडीच महिने. तोपर्यंत एक्झॉस्ट फॅनच्या बटणावर चिकटपट्टी लावा आणि खाली "लावू नये" असं लिहा, पाहुणे आले की कोणीतरी हटकून लावतं. नवरे मंडळी "काढून टाकतो" म्हणतील, त्यांना दिवस मोजायला द्या. पिल्लं गेली की मग जाळी बसवा, आणि वायर कुरतडली असेल तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला दाखवा. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडणं तिला चुकत नाही.

७. पिल्लू खाली पडलेलं मिळालं तर

वाऱ्या-पावसाच्या दिवसांत, जून-जुलैत, हे हमखास होतं. क्रमाने करा :

पहिलं, मांजर-कुत्रं हटवा. दुसरं, पिल्लू टॉवेलने उचला, उघड्या हाताने नको. तिसरं, रक्त, माशा, मुंग्या, लोंबणारा पाय दिसतो का बघा. दिसला तर थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे, किंवा १९२६ ला फोन. चौथं, धडधाकट असेल तर आधी ऊब द्या : बॉक्समध्ये टॉवेल, आणि टॉवेलच्या खाली एका बाजूला कोमट पाण्याची बाटली. पाचवं, बॉक्स उघडाच ठेवून त्याच झाडाला, पडलं त्या जागेच्या वर, सुतळीने बांधा आणि सगळे घरात जा. आई येते, तोंडात धरून एकेक पिल्लू नेते, खारीची बऱ्याच वेळा दुसरी जागा तयार असते. दिवसभर वाट बघा, पण लांबून, दर पाच मिनिटांनी जाऊन बघितलं तर ती येत नाही. माणसाचा हात लागला की आई घेत नाही हे खोटं आहे. अंधार पडायला लागला तर बॉक्स आत घ्या, ती रात्री फिरत नाही.

गाईचं-म्हशीचं दूध पाजू नका. हाच सगळ्यात मोठा सापळा. कापसाने दूध पाजतानाचे व्हिडिओ बघून लोक करतात, दूध नाकातून फुप्फुसात जातं नाहीतर पोट फुगतं, आणि दोन दिवसांत पिल्लू मरतं, मग पोरं आठवडाभर जेवत नाहीत. आणि वाचलं तर पाळायचं हा विचारही नको. आपल्याकडचा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी गल्लीत पिंजरे दिसतातच, तसं खारीचं करू नका.

चावली तर? खारीकडून रेबीज होणं फारच दुर्मीळ, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन बहुधा देतात. माकड चावलं किंवा ओरबाडलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना, रेबीजच्या लशीसाठी, हळद-चुना लावून बसायचं नाही.

८. बाकीचे पाहुणे, थोडक्यात

मुंगूस आलं तर कोंबड्या सांभाळा, बाकी काही नाही. कौलांवर रात्री धपधप वाजतंय आणि सकाळी पपई अर्धी खाल्लेली, तर उदमांजर आहे, भूत नाही. फुलाजवळ चोच वाकडी असलेला चिमणीपेक्षा लहान पक्षी म्हणजे शिंजीर. टुक-टुक-टुक करत तासभर हातोडी मारल्यासारखा ओरडतो तो तांबट. खार पक्ष्यांची अंडी खाते, हे पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर एक दिवस बुलबुलाच्या घरट्यात तिचं डोकं दिसलं की तुमची "गोड खारूताई" एकदम खलनायक होते.

९. लिहून ठेवा

कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकोनात लिहा : "खार २, काथ्या नेला", "तांबट ओरडला". मोठी वही घेतली की ती चार दिवसांत कपाटात जाते. वर्षाने मागे बघितलं की कळतं काटेसावर कधी फुलली आणि पिल्लं कधी दिसली. मोबाईलवर करायचं असेल तर पक्ष्यांसाठी ईबर्ड, आवाजावरून पक्षी ओळखायला मर्लिन, आणि खार-सरडा-फुलपाखरू सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट. फुकट आहेत. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात, निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून मोजायचं आणि ईबर्डवर टाकायचं, परीक्षा तोंडावर असलेली पोरंही एवढा वेळ देतात. फोटो टाकताना घराचं नेमकं ठिकाण लपवायची सोय आयनॅचरलिस्टवर आहे, ती लावा.

१०. परसाबाहेर

हात बसला की रविवारी सकाळी बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जा, नाहीतर कॅम्पातल्या जुन्या झाडांखालून चाला. त्यापुढे शेकरू. आपल्या खारीसारखीच झाडावर राहणारी, पण शेपटीसकट तीन फुटांची, तपकिरी-काळी-पिवळसर. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, पण खानापूरच्या जंगलात आरामात राहते, तिला सीमाप्रश्न कोणी सांगितलेला नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, आत जायला वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र बरोबर ठेवा आणि खानापूर भागातल्या वनकार्यालयात आधी विचारून जा, नाक्यावर जाऊन वाद घालू नका. शेकरू शोधताना खाली बघत चालू नका, उंच झाडांच्या शेंड्याला पानांचे मोठे गोळे दिसतात ती तिची घरटी, एकेकीची अशी बरीच असतात, त्यामुळे गोळा दिसला म्हणजे आत आहेच असं नाही.

जंगलात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, फोटो काढायलाही जवळ जाऊ नका, सरळ वनखात्याला नाहीतर आरोग्य खात्याला कळवा. माकडताप १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, तो गोचिडीतून पसरतो आणि घाटाकडचा आपला भागही त्यातून सुटलेला नाही. पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्या आल्या गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे भिजत घाला. जून ते सप्टेंबर जळवा असतात, तेव्हा पोरांना नेऊच नका, नोव्हेंबरनंतर न्या.